चार वीस

धनकवडीत साडेपाचलाच जाग आली.
शर्यत दुपारी चार वीसला.
मधले अकरा तास कुणी ठेवून घेईल का,
वाण्याकडे पिशवी ठेवतात तसे?

साडेबाराला वरणभात. तूप नको, लोणचं नको.
एवढ्यानं काय होतंय, आई म्हणते.
एवढ्यानंच होतं, मी.
ती बांगडीतल्या चार पिना सोडवून देते.
एक गंजलेली. ती खाली, डावीकडे.

बसमध्ये उभीच राहिले.
बसलं की पाय झोपतात, असं लोणकर मॅडम
एकदा म्हणाल्या होत्या, बहुधा गमतीत.
कंडक्टरनं विचारलं, परीक्षा का?
हो. दोन मिनिटांची.

सणस मैदानावर ट्रॅक तापून
टायरच्या दुकानासारखा वास मारतोय.
वारा सारसबागेकडून.
सावलीत दोन संथ फेऱ्या, मग मांड्या, मग टाचा,
मग सहा वेळा साठ मीटर, जोरात, पण मनापासून नाही.
मध्ये तीनदा संडास.
तिथल्या रांगेत पाचव्या लेनमधली साताऱ्याची मुलगी.
आम्ही हसतो,
दातांच्या दवाखान्यात बायका हसतात तसं.

स्पाइक्स सगळ्यात शेवटी.
ते तेहसीनचे. पळणं सोडताना दिले तिनं,
कारण विचारायचं नाही या अटीवर.
डाव्या बुटाच्या जिभेवर, आतून, निळ्या पेनानं २:१४.
माझं बेस्ट २:१७.
दोन वर्षं माझा घाम तो आकडा पुसू शकलेला नाही.
एरवी न बघता पाय घालते.
आज जीभ उलटवून वाचला.
मग नाडी, दोन गाठी, टोकं आत खोचून.

पहिली फेरी दुसऱ्याच्या पैशानं पळ,
मॅडम म्हणतात, दुसरी आपल्या.
आणि सहाशेला?
त्या घड्याळाची दोरी बोटाला गुंडाळतात,
सोडतात,
पुन्हा गुंडाळतात.

तंबूत नावं पुकारतात.
तापकीरचं ताकपीर होतं.
दुरुस्त करत नाही. त्यालाही श्वास लागतो.

ट्रॅकसूट उतरवला की गुडघे एकदम
कुणा दुसरीचेच वाटतात,
बारीक, उजव्यावर खूण, सायकलवरून पडल्याची.
तिसरी लेन.
पलीकडे स्वारगेटचे हॉर्न चालूच आहेत,
त्यांना चार वीसचं काही नाही.

बंदूकवाले काका खिशातून कापूस काढतात,
दोन बोळे करतात, निवांत,
आधी आपल्याच कानात घालतात.
मग आमच्याकडे बघतात.

गंजलेली पीन पोटाला गार लागते.