बिछायत

"सतरंज्या उचलणारा" ही आमच्या घरात शिवी नव्हती.
तांडापेठेत खड्ड्याच्या मागावर बसून
बाबा ज्या विणायचे, त्या मागावरून उतरल्या की
मी आणि धनराज दोन टोकांना धरून
उचलायचोच.
किनारीपासून धरा, बाबा ओरडायचे,
कोपऱ्यातून नाई बे,
कोपरा वढला का ताणा बोलते.

ताणा बोलतो हे मला फार वर्षं खरंच वाटायचं.
मी कान लावून पाहिलेलं आहे.

निळा, लाल, मध्ये पांढरा पट्टा.
एवढंच. मोर नाहीत, वेली नाहीत.
गालिच्यावर एक बसते, बाबा म्हणत,
सतरंजीवर पंगत बसते.
आणि लोखंडी पंजानं
धाग्यावर धागा असा ठोकून बसवत
की मधून जायला मुंगीनंही वाट विचारावी.
(आता पंजा म्हटलं की लोक दुसरंच समजतात.
बाबांच्या पंजानं कधी मत मागितलं नाही.)

चौथीत होते. बाबा सूत रंगवायला गेलेले.
मी मागावर बसले, पाय पावड्यांना पुरेनात,
आणि निळ्याच्या जागी हिरवा घातला.
चार बोटं विणून झाल्यावर कळलं.
बाबा आले. पाहिलं. गडव्यातलं पाणी प्याले.
उसवलं नाही.
पुढं निळा जोडला न् म्हणाले,
गोळीबार चौकातल्या बिछायतवाल्याले
हिरवा-निळा काय दिसते?
माणसं बसतीन त्याच्यावर.

मग माग गेला.
एकदम नाही, जसा घरातला पाहुणा
एकेक सामान आवरत जातो तसा.
फण्या भंगारात, किलोवर. पावड्या चुलीत.
खड्डा बुजवून वर कूलर ठेवला.
मे महिन्यात तेवढी जागा अजूनही
बाकी घरापेक्षा थंड लागते,
बाबा तिथेच झोपतात.

धनराज पक्षात गेला.
कुठल्या, ते विचारू नका, त्यानं तीन बदलले.
सतरंजी तीच.
भाषणं होतात, गाड्या धुरळा उडवत निघतात,
मैदानावर कागदी कप उरतात आणि तो.
अजून किनारीपासूनच धरतो.
बाकीची पोरं हसतात त्याला.

परवा रात्री साडेअकराला
स्कूटीच्या पायदानावर गुंडाळी घेऊन आला.
बोलला काही नाही, अंगणात उलगडली
आणि मोबाईलचा उजेड धरला.
उजव्या कोपऱ्यापासून हातभर आत
चार बोटं हिरवं.

मी आता बेचाळीस वर्षांची, बँकेत कॅशियर,
दिवसभर दुसऱ्यांच्या चुका पकडते.
मला आधी आठवले ते
खड्ड्यात लोंबकळणारे माझे पाय.

बाबांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
त्यांनी तळहात फिरवला
कोणाच्या तरी हळदीवरून, वरणाच्या डागावरून,
आणि मंडपाच्या बल्लीनं पाडलेल्या भोकापाशी
बोट थांबलं.
दाभण आन.

निळं सूत घरात कुठलं?
माझ्या जुन्या स्वेटरची लोकर होती, पिवळी.
रंग सांगितला तर म्हणाले, चालते.
अडीच वाजेपर्यंत बोटांनी पाहत
त्यांनी तेवढं भोक भरलं,
मध्येच एकदा सवयीनं
पंजासाठी उजवीकडं हात नेला.
तिथं कूलर होता.

धनराजला वाटलं, आता ही घरीच राहणार.
मलाही. मी तर दिवाणावर जागाही केली होती.
सकाळी बाबा म्हणाले,
पराई वस्तू आहे. आज कोणाचं लगन असन.
नेऊन दे.

मग आम्ही दोघांनी घडी घालायला घेतली.
मी मुद्दाम कोपरा धरून ओढला, जरा जोरात.

किनारीपासून, आतून बाबा ओरडले.