पाणसळ

यार्डातल्या पोरांनी वर्गणी काढून तंबू दिला
निरोपाच्या केकबरोबर.
दोन माणसांचा, हिरवा, घडी केली की उशीएवढा.
क्लाइव्हने आभार मानले आणि तो जिन्याखाली ठेवला,
अकरा महिने.

शेवटी मीच म्हटलं, चल.
लांब नको, गुडघा म्हणेल तिथवर.
गुडघा म्हणाला, सात मैल.

सॉल्सबरीपासून सात मैलांत
मनोऱ्याच्या नजरेआड व्हायला जागाच नाही.
हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही.

लोक तंबूची जागा बघायला येतात तेव्हा
नळ बघतात, संडास बघतात.
हा गाडीतून उतरला तो पाणसळ घेऊन.
पितळी टोकांची, मधे काचेची नळी,
नळीत हिरवट पाणी आणि एक बुडबुडा.
अडतीस वर्षं हा बुडबुडा आमच्या घरातला तिसरा माणूस.

पहिली जागा टेकडीवरची.
डॅफ्नीबाईंचं शेत, गमबूट, मागे तीन पायांचा कुत्रा.
"इथून कॅथेड्रल अख्खं दिसतं," त्या म्हणाल्या,
"त्याचेच तर पैसे घेते मी."
क्लाइव्ह त्याच्याकडे पाठ करून उभा.
वळला असता तर मोजायला लागला असता:
दक्षिणेच्या कठड्यावरचा कुठला दगड त्याचा,
कुठला त्याला शिकवलेल्या म्हाताऱ्याचा,
कुठला थर येत्या थंडीत फुटणार
आणि आता ते कोण बघणार.
"वारा फार आहे," तो म्हणाला.
कुत्र्याचा कानसुद्धा हलत नव्हता.

दुसरी हमरस्त्यालगत.
गरम पाणी, वायफाय, गवताची नुकती हजामत केलेली.
त्यानं पाणसळ टेकवली.
बुडबुडा मध्यावर येऊन असा बसला
जसा चर्चच्या बाकावर पाद्र्याचा मुलगा.
"सुरेख," म्हणून तो वाकून बघत राहिला,
इतक्यात सिमेंटचा ट्रक गेला
आणि बुडबुडा थरथरला.
काही न बोलता त्यानं पाणसळ पुसली, काखेत धरली.

तिसऱ्या जागेला मालक दिसेना.
फाटकाला बांधलेला बिस्किटाचा डबा, त्यावर खडूनं:
रात्रीचे सहा पौंड, प्रामाणिकपणे.
पुढे कुरण, विलो, कुणावर तरी रागावलेला एक हंस,
आणि नदी, इतकी हळू
की तिला कुठे जायचंय याची शंका यावी.
मी बूट काढले. मोजे ओले झाले. काढले नाहीत.

बुडबुडा सरळ एका टोकाला जाऊन चिकटला.
"उतार आहे, हेझल. खाली ओल.
इथं काही उभं राहायचं नाही."

मी विचारलं, "तुझ्या मनोऱ्याचा पाया किती खोल?"
तो गप्प.
"किती?"
"चार फूट."
"आणि खाली?"
"खडी."
"कोरडी?"
"..."
"आणि कललाय किती?"
"सव्वादोन फूट," असं म्हणाला
जसं पोराचे मार्क सांगावेत.
मग हसला. आधी नाकातून, मग सगळाच.
हंसानं मान वळवून बघितलं.

खुंट्या त्यानं एकेक ओळंब्यात ठोकल्या,
उताराच्या जमिनीत ताठ खुंट्या,
सूचनांचा कागद पाच भाषांत होता,
पाचही त्यानं बाजूला ठेवल्या.

रात्री पाण्याचा आवाज. एक घुबड.
झोपेत आम्ही घसरत गेलो इंचाइंचानं
आणि पहाटे दोघंही तंबूच्या एकाच कोपऱ्यात,
त्याचा दुखरा गुडघा माझ्या कमरेवर,
कापडाचा ओला गारवा नाकाला.
कितीतरी वर्षांत इतके जवळ आलो नव्हतो,
आणि यात आमचा हात काहीच नव्हता.

चेन उघडली. विलोच्या वर मनोऱ्याचं फक्त टोक,
एवढंसं, सुईएवढं.
तो बघत होता. मोजतोयस का, मी विचारलं नाही.

चहाची स्टोव्ह गवतात डुगडुगत होती,
पातेल्यातलं पाणी एका बाजूला चढलेलं.
क्लाइव्हनं इकडेतिकडे पाहिलं,
एक चपटा दगड उचलला, उलटापालटा केला, टाकला,
आणि मग पाणसळच
स्टोव्हच्या पायाखाली सरकवली.