पेजेने लिहिलेला अहवाल

चोडणच्या फेरीधक्क्यावर उतरलो तेव्हा
मी नऊ वर्षांचा, नाव सोकरू,
खिशात तीन काजूबिया.
इस्मेनिया मायने बिया मोजून परत दिल्या
आणि नाव काढून घेतलं.
मानशीच्या दाराआड खुंट्या होत्या, तिथे टांगलं.
'काम झालं की ने. तोवर तू कुणी नाहीस.
कुणी नसलेल्याला पेज मात्र मिळते.'

अर्धीच मिळायची.
उरलेल्या अर्ध्या वाटीत काडी बुडवून लिहायचं,
कागद कोरा दिसेपर्यंत वाळवायचा,
मग ती आयोडीनचा बोळा फिरवणार
आणि माझ्या चुका निळ्या होऊन वर येणार.
भुकेने मी वेलांट्या गाळायचो.

बांधाच्या अलीकडे खाजन, भात, आम्ही.
पलीकडे नदीच्या तळाशी खाऱ्यांचं राज्य.
ते माणसांसारखेच येतात, बाजारात भाव करतात,
फक्त त्यांची सावली पडते तिथली माती
मे महिन्यातही ओली राहते.

शिकलो.
चिखलात असं चालायचं की खेकड्याने बीळ सोडू नये.
पहाटे पोदेराचा भोंगा मोजायचा,
एक जास्त वाजला तर तो पोदेर नव्हे.
खोटं रचताना आत खऱ्याची एक काडी रोवायची,
नाहीतर गवताची गंजी उभी राहत नाही.

आम्ही तिघं होतो.
आग्नेल परत आला तो तोंडभर मीठ घेऊन,
आता फेरीवर दोरी टाकतो, बोलत नाही.
शाबी आलीच नाही.
तिची चप्पल आली, मानशीच्या फळीत अडकून,
डाव्या पायाची.
मायने ती धुतली आणि खुंटीखाली ठेवली,
शाबीच्या नावाच्या बरोबर खाली.
त्या रात्री आम्हाला कुणी काही शिकवलं नाही.

बाराव्या वर्षी माझी पाळी.
अमावास्येची भरती, मानशीचा दांडा,
पाणी गुडघ्याला, मग बरगडीला, मग हनुवटीला.
जिभेखाली आमसूल धरलेलं,
खाऱ्यांना तोंडातला गोडवा लागू नये म्हणून.
रडू आलं तेव्हा कळलं की ते चालेल,
अश्रू त्यांच्याच चवीचे असतात.

ऐकलं ते असं:
पुढच्या अमावास्येला सातव्या खांबाखाली बांध कुरतडणार.
चाळीस जण. पुढे शिंपल्यांच्या करवती.

आणि दाराच्या पलीकडच्या अंगाला
माझ्या कानापासून एका फळीच्या अंतरावर
कुणीतरी हळू आवाजात फळ्या मोजत होतं.
सतरा, अठरा, एकोणीस, एकवीस.
विसाला गाळून.
मायने यासाठी तिच्या बोटांवर किती छड्या मारल्या होत्या.

मी श्वास घेतला नाही.
पलीकडची मोजणीही थांबली.
बराच वेळ फळीच्या दोन्ही बाजूंना
आम्ही दोघं कुणी नव्हतो.
मग ती पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली,
जरा मोठ्याने,
आणि सातव्या फळीवर दोनदा थांबली.

सकाळी अहवाल लिहिला.
सातवा खांब, चाळीस, करवती.
मग एक ओळ रिकामी सोडली.

मायने बोळा फिरवला. सगळं निळं झालं,
ती ओळ पांढरीच राहिली.
तिने बोळा तिथून परत फिरवला, तिसऱ्यांदाही.
'इथे काय होतं?'
'पेज संपली,' मी म्हणालो.
खऱ्याची काडी आत होती,
वाटी खरंच चाटून पुसलेली.

ती उठली. चुलीवरून भरलेली वाटी आणून
माझ्यापुढे ठेवली, वर खारवलेल्या कैरीची फोड,
आणि पाठ करून भांडी घासत बसली.
रिकामी भांडीसुद्धा.

खुंट्यांपाशी गेलो.
माझं नाव हाताला लागलं, उबदार, जरा आखूड झालेलं.
राहू दिलं.
ओहोटी लागली, दार आपोआप उघडलं,
तेव्हा ती चप्पल पाण्यावर ठेवली.
फळीशी क्षणभर अडली,
मग वळून
नदीकडे गेली.