दोन्हीकडचा खटका

लळिंगच्या रेंजवर मार्चातलं ऊन
सकाळी नऊलाच पाठीवर बसलेलं.
सहा नंबरच्या टार्गेटसमोर
वनमाला पावरा. डावखुरी.

तेवीस वर्षं मी धुळ्याच्या कोतात आहे,
तेल, चिंधी, पुलथ्रू, रजिस्टर.
रायफल कुणासाठी घडवतात मला माहीत आहे:
खटका डाव्या अंगाला,
म्हणजे नेमका उजव्या अंगठ्याच्या पेराखाली.
डावखुऱ्यानं काय करायचं
ते पुस्तिकेत नाही.

ती काय करायची ते मी पाहिलंय.
पकड सोडायची,
कडेवरचं पोर कलतं तशी रायफल कलती करायची
आणि तर्जनी पलीकडून वळवून
चाचपत खटका पाडायची.
रिकामी केस नाकासमोरून जायची, गरम.
एकदा कॉलरीत शिरली.
हलली नाही.
पुढची गोळी मारली, मग बटण उघडलं.

उस्ताद ओरडायचे, हात बदल, हात बदल.
ते मी आधीही ऐकलेलं,
कापडण्याला, चुलीपुढे,
डावा हातघाई खाऊ नको रे, आंडोर,
आणि माय सुतळीनं
माझं मनगट खाटेच्या पायाला बांधायची
भाकर संपेपर्यंत.

परवा नव्या रायफली आल्या, मेणकागदातून.
खटका दोन्ही अंगांना.
मी एक उचलली, रिकामी आहे ना बघितलं,
बंद, चालू, बंद,
उजव्यानं.
मग दाराकडे पाहून
डाव्यानं.
तो अंगठा चोपन्न वर्षांचा,
एकदाही अडखळला नाही.

वनमालाचं उलटंच झालं.
तिची तर्जनी सवयीनं पलीकडेच गेली,
पाच-सहा वेळा,
अंगठा मोकळा बसून राहिला.
मग हसली,
"दादा, आता ह्या बोटाला काय काम देऊ?"

संध्याकाळी जमा करताना बघितलं,
एका रायफलीचा अंगाकडचा खटका
पट्ट्याच्या बकलावर घासून
अर्धा उतरलेला.
कुणाच्या लक्षात नव्हतं.
दोन्हीकडून लागतो
तो दोन्हीकडून सुटतोही.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
खांद्याला लावताना दोन्ही बाजू तपासणे.
खाली सही केली.
अक्षर नेहमीचंच,
उजव्या हाताचं, थोडं मागे रेललेलं.