सरळ रेषेत

समितीच्या खोलीत माझं काम एवढंच:
हिरवा दिवा, पिवळा दिवा, लाल.
प्रत्येक साक्षीदाराला दोन मिनिटं.

विद्यापीठाच्या वकिलालाही दोनच, पण तो
दीड मिनिटात आटोपतो
आणि उरलेली तीस सेकंदं खिशात घातल्यासारखा उठतो.
तालुक्यातालुक्याची कॉलेजं पदव्या वाटू लागली
तर पदवीला किंमत काय राहणार, एवढं विचारून.

मग ट्वायला ऑर्माएचिया.
खिंड कालच उघडली होती. ही पहाटे तीनला
बर्फ उपसणाऱ्या गाडीच्या मागोमाग निघालेली,
बुटांवर रस्त्यातलं मीठ पांढरं.
लिहून आणलेला कागद तिने उघडलाच नाही.

म्हणाली, अकरा वर्षं नर्स आहे मी.
सुई कशी धरायची हे जिला मी शिकवलं
ती पोरगी परवा माझी साहेब झाली.
गुणी आहे हो, तक्रार नाही.
आमच्याकडे कॉलेज आहे, बीटच्या साखर कारखान्याला लागून.
दोन वर्षं शिकवतात, मग जिना संपतो.
वरचा मजला डोंगरापलीकडे,
जायला एकशे चाळीस मैल, यायला तेवढेच,
आणि नोव्हेंबर लागला की खिंड —

पिवळा.
तिने दिव्याकडे पाहिलं,
वॉर्डातल्या मॉनिटरकडे पाहावं तसं,
घाई न करता.
— खिंडीत माझी मैत्रीण इर्मा...

लाल.

विधेयक मंजूर झालं. लोकांनी फोटो काढले.
सातव्या कलमात शेवटच्या रात्री एक दुरुस्ती आली,
मीच टाइप केली:
विद्यापीठापासून साठ मैलांच्या आतली कॉलेजं वगळून.

सगळे गेल्यावर नकाशावर पट्टी ठेवली.
तिचं गाव: अठ्ठावन्न.
मधला डोंगर कागदावर सपाट होता,
चहा सांडून वाळल्यासारखा.

'रस्त्याने'.
तीन अक्षरं हवी होती फक्त.
माझ्या बोटांना ती येत होती,
माझ्या हुद्द्याला नव्हती.

सकाळी अध्यक्षांच्या सचिवाला सांगितलं.
तो म्हणाला, बरं झालं लक्षात आणून दिलंत,
पुढच्या अधिवेशनात बघू.

साक्षीदारांच्या कोऱ्या यादीत
पहिलं नाव मी आत्ताच लिहून ठेवलंय.
दिव्याचं बटणही माझ्याच हाताखाली आहे,
एखाद्या दिवशी अडकेल, जुनंच आहे.

पण अधिवेशन जानेवारीत.
जानेवारीत खिंड बंद असते.