पाणी न धरणारं भांडं

दलमा बेटावर मी छत करायला आलो होतो,
पाहुणेघराचं, पीओपीचं,
चारी कोपऱ्यांत द्राक्षवेल, मधोमध झुंबराचं फूल.
वारा सुटला, फेरी बंद,
साचे पलीकडे जबल धन्नाच्या धक्क्यावर अडकले.
मुकादम म्हणाला, चार दिवस त्या खोदणाऱ्या बाईकडे जा,
तिला हलक्या हाताचा माणूस हवाय.

चाळणीत यायचे माशांचे मणके,
शिंपल्यांचा चुरा,
एकदा खजुराच्या दोन जळक्या बिया.
बाई त्यांच्याकडे नातवाच्या पहिल्या दातासारखी बघत राहिली.
आणि खापरं. हिरवट, पातळ,
नखानं टिचकी मारली तर टण्ण वाजणारी,
अंगावर काळे पट्टे, लाटा, एकावर जाळं.

ही इथली नाहीत, बाई म्हणाली, इथे माती कुठाय?
आखाताच्या वरच्या टोकाला, दोन नद्यांच्या गाळाची,
सात हजार वर्षांपूर्वी
डांबर फासलेल्या बोरूच्या होडीतून उतरली असतील.
बदल्यात काय दिलं?
पहारेकरी मुबारक अल-कुबैसी हसला.
त्याचा आजा नाकाला चिमटा लावून तळाशी जायचा.
लुलू, तो म्हणाला. मोती. दुसरं आहे काय इथे?
मी म्हटलं, सुकटही असेल.
हर्णैला माझी आई
पायलीभर सुकट मोजून घाटावरल्या कुंभारणीकडून परळ घ्यायची,
वर मूठभर जास्त, काठ न टवकलेला निवडू दे म्हणून.

तिसऱ्या दिवशी पांढरा तुकडा निघाला.
बाईनं वेगळ्या पिशवीत घातला, वर प्रश्नचिन्ह.
मी उचलून जिभेला लावला.
चिकटला.
हा दगड नाही, मी म्हणालो. हे माझं आहे.
जिप्सम. भाजलेला, कुटलेला, पाण्यात कालवलेला.
ही बारीक भोकं बघा, बुडबुडे आहेत,
कालवताना घाई झाली की राहतात.

घाई होतेच.
पाणी पडलं की किती वेळ उरला
ते अंगठ्याला कळतं, तेवढंच.
आतून चार बोटांचे फराटे तसेच सोडलेले,
बाहेरून मात्र जिवापाड घोटलेलं.
मग काळा रंग.
एक पट्टा बरोबर, दुसरा बरोबर.
लाटेत गडबड झाली:
तीन उंचवटे ऐसपैस, चौथ्याला जागाच उरली नाही,
तो अंग चोरून टेकलाय
बाकावर उशिरा आलेल्या माणसासारखा.

ज्यावरून काढलं ते भांडं
फुटलं असेल, किंवा मिळालंच नसेल,
शेजारणीच्या दारात नुसतं दिसत असेल.

यात पाणी टिकलं नसतं, बाई म्हणाली.
टिकत नाही, मी म्हटलं, भांडंच पिऊन टाकतं,
मग स्वतः विरघळतं.
मग केलं कशाला?
मला विचारत होती की स्वतःला, कळेना.
खजूर ठेवायला, मी म्हणालो, कोरडं चालतं.

द्राक्षाचा वेल मी कधी जवळून पाहिलेला नाही.
साचा शारजातून येतो,
शारजावाल्यानं कुठल्याशा फोटोवरून केलेला.
एका गिऱ्हाइकानं मान वर करून सांगितलं होतं,
तुझ्या पानांना शिरा कमी आहेत.
बावीस वर्षं मी तीच पानं लावतोय.

फेरी आली. साचे आले.
परातीत पाणी, त्यावर पावडर, कोपरापर्यंत हात,
आणि मग ती ऊब,
आधी बोटांना, मग तळव्याला.
घट्ट होताना ते गरम होतं.
हे बाईला सांगायचं राहूनच गेलं.