दोन मिनिटं अकरा सेकंद

काच जुन्या शोकेसची, टीव्ही मोडीत गेल्यावर उरलेली.
खाली नऊ वॉटचा बल्ब,
वर बर्फ फॅक्टरीच्या पावतीपुस्तकांची पाठकोरी पानं.
रात्री दहानंतर तो माझा स्टुडिओ.
दहापर्यंत आईचं मासळी निवडायचं टेबल.

सेकंदाला बारा चित्रं.
सरांनी फळ्यावर मांडला तेव्हा हिशोब सोपा होता.
पण पिरावाडीत कागद खारं वारं पितो,
कडा वळतात,
चौथ्या चित्रातला माणूस पाचव्यात बुटका होतो.
एक हजार पाचशे बाहत्तर कागद.
गणपती गेल्यावर बसले,
आंब्याला मोहर आला तेव्हा आई वाकून म्हणाली,
आजून वडतत ते?

ओढतच होते.
सात माणसं, एक रापण,
दर्यातून काठाकडे सरकणारं अर्धवर्तुळ.
गोष्ट काय, रुमानाने विचारलं लॅपटॉप देताना.
म्हटलं, ओढतात.
आणि मग?
मग जाळं येतं.
तिने चार्जरही दिला,
म्हणजे पटलं असावं.

रापणीच्या मांगरात लावली.
शाळेचा प्रोजेक्टर, हेडमास्तरांच्या सहीने,
पडदा म्हणून कुणाच्यातरी बारशाचं कापड,
लोक जाळ्यांच्या ढिगांवर.
एक कुत्रा उजेडातून गेला, त्याला सगळे हसले.
मग संपली.
संपलाच? मागून कोणीतरी.
परत लाव.
तिसऱ्यांदा लावली तेव्हा लवूतात्या खवणेकर उठून
थेट पडद्यापाशी गेले,
आणि माझी सातही माणसं
त्यांच्या बनियनवर ओढू लागली.

गो बाय, वडतत बरे सगळे.
पन ह्यांच्या पायाखाली रेव खंय?
आनी जाळ्यात पानी?
रिकामी रशी वडतत हे.

सरांनी हेच लिहिलं होतं, समासात, लाल पेनने.
वजन नाही.
मी तेव्हा माणसं जाड केली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना रशी धरली.
जागा मिळाली शेवटची, पोरांच्याही मागे.
आधी टाच रुतते.
मग गुडघा, मग कंबर मागे जाते,
हात अगदी शेवटी.
मी हातापासून सुरुवात केली होती.
आणि मधे थांबतात.
हे इतकी वर्षं बघून दिसलंच नव्हतं.
लाट मागे फिरते तेव्हा जाळं समुद्राचं असतं,
तेव्हा ओढायचं नाही,
फक्त सोडायचं नाही.

तारली होती बरीच, थोडे बांगडे.
तात्या वाटे घालत होते, मी चप्पल शोधत होते.
हय ये, म्हणाले,
जेना रशयेक हात लायलो तेका वाटो.
पाच बांगडे. एकाचं शेपूट तुटलेलं.
तळव्यांना फोड आले, चार दिवस पेन्सिल धरवेना.
आई तळताना काही बोलली नाही,
टेबल मात्र त्या रात्री नऊलाच रिकामं करून दिलं.

तीनशे चाळीस कागद नव्याने काढले.
त्यातले बरेच थांबण्याचे.
जवळजवळ सारखी चित्रं, एकामागून एक,
फक्त दोरी किंचित थरथरते.
सगळ्यात जास्त वेळ त्यांनाच लागला.
नऊशे सहाव्यावर बांगड्याचं तेल आहे,
आकाशात, डावीकडे. राहू दिलं.

परवा पुन्हा लावली.
निम्मेच आले, मॅच होती.
छान वगैरे कोणी म्हणालं नाही.
रुमाना चार्जरची वायर गुंडाळत बसलेली.
मी पडद्याकडे पाठ करून उभी होते,
लोकांकडे बघायचं ठरवून,
तेव्हा दिसलं,
लाट मागे फिरली त्या जागी
लवूतात्यांची टाच
मांगरातल्या कोरड्या रेतीत
अर्धा इंच आत गेली.